जेकबच्या नावाची नोंदवही

२२ ऑक्टोबर १९८९, रविवारची रात्र. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातलं सेंट जोसेफ हे छोटं गाव. जेकब वेटरलिंग अकरा वर्षांचा. त्याचा धाकटा भाऊ आणि एक मित्र घरी, आईवडील ओळखीच्यांकडे जेवायला गेलेले. पोरांना सायकलवरून दुकानात जाऊन व्हिडिओ कॅसेट आणायची होती. त्यांनी आईला फोन लावला. आई, पॅटी, नको म्हणाली. अंधार पडला होता. मग पोरांनी वडिलांना पटवलं. टॉर्च घेतो, उजेडात चमकणारं जाकीट घालतो, छोट्या बहिणीजवळ शेजारची मुलगी येऊन बसेल. वडील हो म्हणाले.

या फोनपाशी मी दर वेळी अडखळते. काळजी घेणाऱ्या घरात जे जे करतात ते सगळं त्या घरात झालं होतं. पोरांनी विचारलं होतं, आईने आधी नाही म्हटलं होतं, जाकीट घातलं होतं, टॉर्च घेतली होती.

परतीच्या वाटेवर तोंड झाकलेला एक माणूस पिस्तूल घेऊन आडवा आला. सायकली खड्ड्यात टाकायला लावल्या, तिघांना जमिनीवर पालथं झोपवलं, एकेकाचं वय विचारलं. भावाला म्हणाला, रानाकडे पळ, मागे पाहिलंस तर गोळी घालीन. मग मित्रालाही पळवलं. धावता धावता दोघांनी मागे वळून पाहिलं तेव्हा रस्त्यावर कुणीच नव्हतं.

लैंगिक गुन्हेगारांच्या नोंदवहीचा देशव्यापी कायदा अमेरिकेत आला तो या मुलाच्या नावाने. त्या कायद्याचं पुढे काय झालं आणि या मुलाच्या प्रकरणाचं पुढे काय झालं, या दोन गोष्टी सहसा वेगवेगळ्या सांगितल्या जातात. त्या एकत्र सांगितल्याशिवाय या कायद्याबद्दल धड काही बोलता येत नाही, असं माझं मत आहे.

आईने मागितलं काय होतं

नोंदवहीची कल्पना नवी नव्हती. कॅलिफोर्नियाने १९४७ मध्येच राज्यभर अशी नोंद सुरू केली होती. मिनेसोटात मात्र काहीच नव्हतं. मूल नाहीसं झाल्यावर पहिले काही तास सर्वांत मोलाचे असतात, आणि अशा गुन्ह्यात शिक्षा झालेले कोण कोण या भागात राहतात याची एक यादीही तपास करणाऱ्यांच्या हाताशी नव्हती. पॅटी वेटरलिंग यांनी हे धरून ठेवलं. राज्यपालांनी नेमलेल्या कृतिगटात त्या बसल्या आणि १९९१ मध्ये मिनेसोटाचा नोंदणी कायदा झाला.

१३ सप्टेंबर १९९४ रोजी राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी सही केलेल्या मोठ्या गुन्हेगारीविषयक कायद्यात जेकबच्या नावाचा भाग आला. प्रत्येक राज्याने नोंदवही ठेवायची, नाहीतर पोलिसांसाठी मिळणाऱ्या केंद्रीय अनुदानातला दहा टक्के भाग गमवायचा. मुलांविरुद्धच्या किंवा हिंसक लैंगिक गुन्ह्यात दोषी ठरलेल्याने सुटकेनंतर दहा वर्षं आपला पत्ता कळवत राहायचा. ही माहिती मुळात पोलिसांसाठी होती. लोकांच्या रक्षणासाठी गरज असेल तर तेवढी बाहेर ‘देता येईल’, इतकीच मोकळीक होती.

पण त्या सहीच्या आधीच, जुलै १९९४ मध्ये, न्यू जर्सीतल्या हॅमिल्टन टाउनशिपमध्ये सात वर्षांच्या मेगन कांकाचा खून झाला होता. खुनी समोरच्या घरात राहत होता, मुलांवरच्या अत्याचारासाठी त्याला आधी दोनदा शिक्षा झाली होती, आणि गल्लीत कुणाला याची कुणकुण नव्हती. मेगनच्या आईवडिलांचा प्रश्न सरळ होता: हे आम्हाला माहीत असतं तर आम्ही तिला त्या घराकडे फिरकू दिलं असतं का? चार लाखांहून जास्त सह्या जमल्या आणि ऑक्टोबर संपायच्या आत न्यू जर्सीचा कायदा मंजूर झाला. १७ मे १९९६ रोजी केंद्रीय ‘मेगनचा कायदा’ आला. त्याने जेकबच्या कायद्यात एकच शब्द बदलला म्हटलं तरी चालेल: ‘देता येईल’ होतं तिथे ‘दिलीच पाहिजे’ झालं.

त्या एका शब्दाने पोलीस ठाण्यातल्या कपाटातली वही चौकातला फलक झाली. मेगनच्या आईवडिलांना मी दोष देणार नाही. त्यांच्या जागी मीही हेच मागितलं असतं. पण पुढच्या दहा वर्षांत इंटरनेट घरोघरी पोहोचलं, आणि नाव, फोटो, पत्ता, गाडीचा नंबर जगात कुठूनही पाहता येऊ लागला. असं काही होईल हे १९९४ ला कुणी डोळ्यांसमोर आणलं नव्हतं.

वही जाडजूड होत गेली

२००६ मध्ये अ‍ॅडम वॉल्श कायदा आला. १९८१ साली फ्लोरिडातून पळवून मारलेल्या सहा वर्षांच्या मुलाचं हे नाव. जेकबच्या नावाच्या कायद्याची जागा या कायद्याने घेतली. गुन्हेगारांच्या तीन पायऱ्या ठरल्या: पंधरा वर्षं, पंचवीस वर्षं आणि जन्मभर. कोण कुठल्या पायरीवर, हे माणसापासून आज किती धोका आहे यावर ठरत नाही. शिक्षा कुठल्या कलमाखाली झाली यावर ठरतं. गंभीर गुन्ह्यांसाठी चौदा वर्षांच्या मुलांचीही नोंद करायची, आणि काही राज्यांनी तर त्याहून लहान मुलं यादीत घातली. २०१६ च्या कायद्यामुळे मुलांविरुद्धच्या गुन्ह्यासाठी यादीत असलेल्यांच्या पासपोर्टवरही तसा शेरा येतो. आज देशभरात साडेसात लाखांहून जास्त नावं नोंदली गेली आहेत.

राज्यांनी आणि गावांनी आपापली भर घातली. शाळा, बाग, पाळणाघर, बसथांबा यांच्यापासून अमुक अंतरात राहायचं नाही, असे नियम झाले. आयोवात दोन हजार फूट. मायामी-डेड परगण्यात २००५ पासून शाळेपासून अडीच हजार फूट. शहराच्या नकाशावर अशी वर्तुळं काढली तर उरतं काय? मायामीत उरला ज्युलिया टटल कॉजवे या पुलाखालचा कोरडा भाग. शिक्षा भोगून सुटलेली कित्येक डझन माणसं २०१० पर्यंत तिथे तंबू-फळकुटांत राहत होती. डोक्यावरून गाड्या जात, समोर खाडी. त्यांच्यातल्या काहींना पोलिसांच्या नोंदीत पत्ता म्हणून हा पूलच लिहावा लागला. आपल्याकडे तडीपार माणसाला निदान मुदत असते आणि हद्द असते.

आयोवातल्या सरकारी वकिलांच्या संघटनेने २००६ मध्ये जाहीर निवेदन काढून हा अंतराचा नियम उठवायला सांगितलं. आरोपींना शिक्षा मिळवून देणारे वकील होते ते, गुन्हेगारांचे कैवारी नव्हेत. त्यांचं म्हणणं असं, की नियमामुळे माणसं पत्ता लपवायला लागलीत, बेघर होताहेत, आणि ज्यांच्यावर लक्ष ठेवायचं तेच दिसेनासे झालेत. मिनेसोटाच्या तुरुंग विभागाने आणखी साधा हिशेब केला. सुटून आल्यावर पुन्हा लैंगिक गुन्हा करून आत गेलेल्या २२४ जणांची प्रकरणं एकेक करून तपासली आणि विचारलं, शाळेपासून लांब राहण्याच्या नियमाने यातला कुठला गुन्हा टळला असता? उत्तर आलं, एकही नाही.

एप्रिल २००६ मध्ये वीस वर्षांच्या एका तरुणाने मेन राज्याच्या यादीतून पत्ते काढले आणि दोघांच्या दारात जाऊन त्यांना गोळ्या घातल्या. त्यातला एकजण यादीत होता तो एकोणीस वर्षांचा असताना, सोळावं पूर्ण व्हायला थोडे दिवस बाकी असलेल्या आपल्या मैत्रिणीशी ठेवलेल्या संबंधासाठी. यादीवरच्या फोटोखाली एवढं सगळं लिहिलेलं नसतं.

न्यायालय आणि ऐंशी टक्के

हे सगळं घटनेत बसतं का, हा प्रश्न अलास्कातून सर्वोच्च न्यायालयात गेला. २००३ मध्ये सहा विरुद्ध तीन मतांनी निकाल लागला: नोंदणी ही शिक्षा नाही, नागरी व्यवस्था आहे, म्हणून कायदा होण्याआधीच्या गुन्ह्यांनाही ती लावता येते. आधार काय, तर हे लोक पुन्हा गुन्हा करण्याचा धोका ‘भयावह आणि मोठा’ आहे. हे शब्द न्यायालयाने आदल्याच वर्षीच्या आपल्या निकालातून घेतले होते, आणि तिथे ऐंशी टक्क्यांपर्यंतचा आकडा आला होता.

तो आकडा आला कुठून, हे कायद्याचे प्राध्यापक आयरा एलमन आणि त्यांच्या सहलेखिकेने २०१५ मध्ये शोधून काढलं. उगम निघाला १९८६ सालच्या एका लोकप्रिय मासिकातल्या लेखात. तुरुंगात उपचारकार्यक्रम चालवणाऱ्या एका समुपदेशकाने ते वाक्य लिहिलं होतं, मागे कुठलीही पाहणी नव्हती. तिथून ते सरकारी मार्गदर्शिकेत गेलं, तिथून वकिलांच्या निवेदनात, तिथून निकालात, आणि मग शेकडो खालच्या न्यायालयांत. अमेरिकेच्या न्याय खात्यानेच २००५ मध्ये सुटलेल्या लैंगिक गुन्हेगारांचा नऊ वर्षं माग ठेवला, तेव्हा बलात्कार किंवा लैंगिक हल्ल्यासाठी पुन्हा अटक झालेले निघाले ७.७ टक्के. अटक म्हणजे सगळा गुन्हा नव्हे, कितीतरी मुलं कधी बोलतच नाहीत, हे मला मान्य आहे. तरीही ऐंशी आणि आठ यांच्यातलं अंतर त्याने भरून निघत नाही.

२०१६ मध्ये सहाव्या सर्किटच्या, म्हणजे काही राज्यांसाठी मिळून असलेल्या केंद्रीय अपील न्यायालयाने मिशिगनच्या कायद्याबद्दल उलटा कौल दिला. इतकी बंधनं घातल्यावर ही शिक्षाच आहे, आणि शिक्षा मागच्या तारखेपासून देता येत नाही.

उपयोग किती झाला? न्यू जर्सीतच २००८ मध्ये अभ्यास झाला. मेगनच्या कायद्याने पुनर्गुन्ह्यांवर दिसण्याजोगा परिणाम केल्याचं आढळलं नाही. राज्यातल्या एकवीसपैकी पंधरा परगण्यांचा २००७ सालचा खर्च मात्र सुमारे ३९ लाख डॉलर निघाला. न्यूयॉर्कच्या एकवीस वर्षांच्या अटकांचा अभ्यास सांगतो, की लैंगिक गुन्ह्यासाठी पकडलेल्यांपैकी ९५ टक्क्यांहून जास्त लोकांना आधी अशा गुन्ह्यात शिक्षा झालेलीच नव्हती. यादीत ते असणारच नव्हते. प्रेस्कॉट आणि रॉकॉफ या दोघांनी २०११ मध्ये अनेक राज्यांचे आकडे पाहिले तेव्हा एक महत्त्वाचा फरक दिसला: नोंद पोलिसांकडे असते तेव्हा पुनर्गुन्हे कमी होतात, आणि तीच जगजाहीर केली की नाव लागलेले लोक पुन्हा गुन्ह्याकडे वळण्याची शक्यता उलट वाढते. नोकरी नाही, घर नाही, जवळचं कुणी नाही. गमावण्यासारखं काही न उरलेल्या माणसाला धरून ठेवणार काय?

दुसरी बाजूही सांगायला हवी, आणि तीही मिनेसोटाचीच. तिथे तज्ज्ञांचं मंडळ प्रत्येक सुटणाऱ्याचा धोका मोजतं आणि फक्त सर्वांत वरच्या, तिसऱ्या पातळीवरच्यांची नावं सर्वांसाठी जाहीर होतात, गावात बैठक घेऊन लोकांना समजावून सांगितली जातात. २००८ च्या अभ्यासात या मोजक्यांचे पुनर्गुन्हे खरोखर घटलेले दिसले. म्हणजे लोकांना कळवण्यात मुळातच खोट आहे असं म्हणता येत नाही. कुणाचं नाव कळवायचं, कुणी कळवायचं आणि कसं, यावर सगळं अवलंबून आहे.

आणि जेकब?

सत्तावीस वर्षं काही कळलं नाही. पॅटी वेटरलिंग दाराबाहेरचा दिवा लावत राहिल्या. दरम्यान २०१० मध्ये, ज्या शेतघराच्या वाटेजवळून मुलाला नेलं तिथे राहणाऱ्या एका शिक्षकाचं अंगण पोलिसांनी खणलं आणि त्याच्याकडे संशयाचं बोट जाहीरपणे दाखवलं. तो निर्दोष होता. त्याला सहा वर्षं त्या नजरांत काढावी लागली.

सप्टेंबर २०१६ मध्ये डॅनी हाइनरिक नावाच्या माणसाने न्यायालयात उभं राहून कबुली दिली. जेकबला त्याने त्याच रात्री मारलं होतं. पेन्सविल गावाजवळच्या एका कुरणात अवशेष सापडले, घरापासून पन्नासेक किलोमीटरवर. मुलाने त्याला विचारलं होतं, ‘माझं काय चुकलं?’ हे त्यानेच न्यायालयात सांगितलं, आईवडील समोर बसलेले असताना.

हा माणूस पोलिसांना अनोळखी नव्हता. डिसेंबर १९८९ मध्येच त्याची चौकशी झाली होती. त्याचे बूट आणि गाडीचे टायर घटनास्थळावरच्या खुणांशी मिळतेजुळते होते. फेब्रुवारी १९९० मध्ये त्याला अटक झाली आणि सोडून देण्यात आलं. लैंगिक गुन्ह्यासाठी त्याला कधीच शिक्षा झालेली नव्हती. १९८९ मध्ये आजच्यासारखी नोंदवही असती, रोज ताजी होणारी, फोनवर उघडणारी, तरी तिच्यात त्याचं नाव नसतं.

मग कुठे होतं त्याचं नाव? मुलांच्या तोंडी होतं, फक्त त्यांना ते नाव माहीत नव्हतं. जेकबच्या नऊ महिने आधी, जानेवारी १९८९ मध्ये, जवळच्याच कोल्ड स्प्रिंग गावात घरी परतणाऱ्या बारा वर्षांच्या मुलाला एकाने गाडीत ओढलं, अत्याचार केला आणि सोडताना सांगितलं, पळ, मागे पाहिलंस तर गोळी घालीन. हेच वाक्य. त्याही आधी, १९८६ ते १९८८ या काळात, पेन्सविलमध्ये अनेक मुलांवर अंधारात कुणीतरी झडप घालत होतं. मुलांनी सांगितलं होतं. गावाच्या वर्तमानपत्रात बातमीही आली होती. हाइनरिक तेव्हा त्या भागातच राहत होता.

पेन्सविलची प्रकरणं जेकबच्या प्रकरणाशी जाहीरपणे जोडली जायला २०१३ उजाडलं, आणि ती तशी जोडली पोलिसांनी नव्हे. कोल्ड स्प्रिंगचा तो मुलगा, आता मोठा माणूस, आणि या प्रकरणाचा पिच्छा पुरवणारी एक ब्लॉगलेखिका जुनी कात्रणं शोधत बसले आणि पेन्सविलच्या त्या मुलांपर्यंत पोहोचले. तपासाने पुन्हा वेग घेतला. कोल्ड स्प्रिंगच्या त्या मुलाच्या कपड्यावरून मिळालेला डीएनए २०१५ मध्ये हाइनरिकशी जुळला. तोवर त्या गुन्ह्याची खटला भरण्याची मुदत उलटून गेली होती. घराच्या झडतीत मुलांची अश्लील चित्रं सापडली, आणि त्यावरच्या खटल्याच्या तडजोडीतून कबुली मिळाली. शिक्षा वीस वर्षं, ती चित्रांच्या गुन्ह्यासाठी.

सप्टेंबर २०१८ मध्ये स्टर्न्स परगण्याच्या शेरिफनी तपासाची कागदपत्रं खुली केली आणि आपल्याच खात्याच्या चुका जाहीरपणे मांडल्या.

पॅटी वेटरलिंग मात्र त्याच्या बऱ्याच आधी बदलल्या होत्या. आपण मागितलेल्या यादीत शाळकरी मुलं अडकताहेत, सुटलेल्या माणसाला परत उभं राहायला जागा उरत नाही, हे त्या जाहीरपणे बोलू लागल्या होत्या. पुढे त्यांनी मिनेसोटाच्या आरोग्य खात्यात लैंगिक हिंसा रोखण्याचं काम सांभाळलं, म्हणजे पहिला गुन्हाच होऊ नये याचं काम. मुलगा सापडलेला नसताना, गुन्हेगार मोकळा असताना, त्या हे म्हणत होत्या. इतकं धैर्य फार थोड्यांकडे असतं.

आपल्या दारात

त्याच सप्टेंबर २०१८ मध्ये भारताने आपली राष्ट्रीय नोंदवही सुरू केली. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाकडे ती आहे, सुरुवातीला तिच्यात सुमारे ४.४ लाख नोंदी होत्या, आणि ती फक्त पोलीस व तपासयंत्रणांना पाहता येते. मोठी घटना घडली की ‘यांचे फोटो चौकाचौकात लावा’ ही मागणी दर वेळी येते. मनातला संताप मला कळतो. पण पॉक्सोखालच्या बलात्काराच्या गुन्ह्यांत आरोपी ओळखीचा असण्याचं प्रमाण आपल्याकडे वर्षानुवर्षं नव्वद टक्क्यांच्या वर आहे. काका, मामा, शेजारी, शिकवणीचे सर, कधी बाप. बापाचं नाव आणि घरचा पत्ता जाहीर केला की पीडित मूल कोण हे गल्लीला सांगायची गरज उरत नाही, आणि पॉक्सो कायदा तर मुलाची ओळख उघड करायला मनाई करतो. शिवाय घरातल्या माणसाचा फोटो चौकात लागणार हे माहीत असलेली आई ठाण्याची पायरी चढेल का?

माणसांची नावं वहीत घालून हजेरी लावायचा अनुभव महाराष्ट्राला जुना आहे. ब्रिटिश काळातल्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली पारधी, कैकाडी, भामटा अशा कितीतरी समाजांना रोज हजेरी द्यावी लागे. अशा समाजांना डांबून ठेवलेल्या सोलापूरच्या वसाहतीचं, सेटलमेंटचं, तारेचं कुंपण आठवणारी पिढी परवापर्यंत हयात होती. तिथे नाव जन्माने लागत होतं, इथे न्यायालयात सिद्ध झालेल्या गुन्ह्याने लागतं, आणि हा फरक मोठा आहे. तरी कायदा १९५२ मध्ये गेला आणि शिक्का आजही पुसला गेलेला नाही, एवढं आपल्याला दुसऱ्या कुणी सांगायला नको.

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापुरात शाळेतल्या दोन चिमुकल्यांवर अत्याचार झाला, तेव्हा त्या घरी येऊन बोलल्या होत्या. आईवडिलांना तक्रार नोंदवण्यासाठी पोलीस ठाण्यात तासन्‌तास बसावं लागलं, लोक रेल्वे रुळांवर उतरले, आणि मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. पेन्सविलची मुलंही बोलली होती.

अमेरिकेच्या २००६ च्या कायद्याच्या सुरुवातीलाच सतरा बळींची नावं दिली आहेत, ज्यांच्यासाठी हा कायदा केला. पहिलं नाव जेकबचं आहे. अकरा वर्षांचा होता, १९८९ मध्ये मिनेसोटातून पळवला गेला आणि अजून बेपत्ता आहे, असं तिथे लिहिलं आहे.